पानकाप्या मुंग्यांची शेती नेमकं कोण राखतं?

हिरव्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून एका रांगेत निघालेल्या मुंग्यांचे व्हिडिओ बहुतेकांनी पाहिले असतील. या पानकाप्या मुंग्या. टेक्सास-लुइझियानापासून खाली अर्जेंटिनापर्यंत त्या आढळतात. अमेरिका खंडांबाहेर कुठेच नाहीत. त्यांचे मुख्य गट दोन, अट्टा आणि अ‍ॅक्रोमिरमेक्स. अट्टाचं जुनं, मोठं वारूळ म्हणजे कित्येक मीटर खोल, शेकडो दालनं आणि लाखो मुंग्या.

एवढी पानं नेतात म्हणजे खात असणार, असं कुणालाही वाटेल. पण पान कापताना सुटणारा रस कामकरी मुंग्या चाटतात तेवढाच. पानाचा चोथा त्यांना पचत नाही. पान जातं जमिनीखालच्या दालनात, एका बुरशीच्या वाढीसाठी. मुंग्यांची पिल्लं जगतात ती त्या बुरशीवर.

हे पहिल्यांदा ओळखलं एका खाण-अभियंत्याने. थॉमस बेल्ट हा इंग्रज गृहस्थ निकाराग्वातल्या चोंतालेस भागात सोन्याच्या खाणीवर कामाला होता. त्याच्या बागेचा मुंग्यांनी फडशा पाडायला सुरुवात केली, तेव्हा त्याने त्यांची वारुळं खोदून पाहिली. आत पानांचा साठा नव्हता. दालनं भरली होती ती तपकिरी, स्पंजासारख्या भुसभुशीत लगद्याने, आणि त्या लगद्यात बुरशीचे पांढुरके तंतू पसरले होते. मुंग्या पानांवर बुरशी पिकवतात आणि ती खातात, असा निष्कर्ष त्याने १८७४ साली छापला. पुढे ब्राझीलमधल्या ब्लुमेनाऊ गावी आल्फ्रेड म्योलर या जर्मन अभ्यासकाने बारकाईने निरीक्षणं करून १८९३ मध्ये ते पक्कं केलं.

त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं गोष्ट एवढीच सांगितली जायची: मुंगी शेतकरी, बुरशी पीक. मला ही गोष्ट अपुरी वाटते. वारुळात किमान पाच-सहा प्रकारचे सूक्ष्मजीव एकमेकांना जगवत, मारत, अडवत राहतात, आणि मुंग्यांचं खरं कसब या गर्दीला आवरण्यात आहे.

आधी पीक पाहू. या बुरशीचं नाव ल्युकोअ‍ॅगॅरिकस गाँगिलोफोरस. पान आत आलं की ते मोठ्या मुंगीकडून लहान मुंगीकडे जातं. लहान मुंगी त्याचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे तुकडे करते, दोन्ही बाजू चाटून स्वच्छ करते, कडा चावून लगदा करते. मग पोट पुढे वळवून त्यावर विष्ठेचा एक थेंब सोडते आणि तो तुकडा बागेत खोचते. दुसरी मुंगी जुन्या भागातून बुरशीचा झुपका उपटून आणते आणि नव्या तुकड्यावर लावते. ही लावणी करणाऱ्या मुंग्या वारुळातल्या सर्वांत लहान असतात. बुरशीच्या तंतूंच्या जाळ्यात हिंडायला तेवढंच अंग लागतं.

तो विष्ठेचा थेंब फार महत्त्वाचा आहे. बुरशीच्या तंतूंच्या टोकांना सूक्ष्म, फुगीर गाठी येतात. त्यांत स्निग्ध पदार्थ आणि शर्करा भरलेल्या असतात. मुंग्या हेच खातात. याच गाठींत पान विरघळवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, साठवलेली असतात. गाठ खाल्ली तरी ही विकरं मुंगीच्या पोटात पचत नाहीत. ती आतड्यातून जशीच्या तशी पुढे सरकतात आणि विष्ठेच्या थेंबातून नव्या पानावर पडतात. काही विकरं पानाच्या पेशींच्या भिंती फोडतात. लॅकेज नावाचं एक विकर पानातले विषारी फिनॉल निकामी करतं. म्हणजे बुरशीने आपलं पाचक सामान मुंगीच्या पोटातून पाठवायचं, आणि तंतू नव्या पानापर्यंत पोचायच्या आत ते पान मऊ करून ठेवायचं. पचनक्रिया दोन जिवांमध्ये इतकी वाटली गेलेली क्वचितच पाहायला मिळते.

हे नातं आता सुटण्यासारखं राहिलेलं नाही. २०११ मध्ये अट्टा आणि अ‍ॅक्रोमिरमेक्स या दोन्ही गटांतल्या एकेका जातीचा जनुकसंच वाचला गेला. आर्जिनिन हे अमिनो आम्ल स्वतः तयार करण्याची जनुकं या मुंग्यांनी गमावली आहेत, असं त्यात दिसलं. बुरशीतून ते आयतं मिळत राहिलं, म्हणून स्वतः करण्याची क्षमता गळून पडली. बुरशीचीही तीच गत आहे. मुंग्यांची राखण नसेल तर रानात ती तग धरत नाही.

म्हणूनच नवी राणी लग्नाच्या उड्डाणाला निघते तेव्हा रिकाम्या तोंडाने निघत नाही. मुंगीच्या तोंडाखाली एक लहानशी पिशवी असते. त्यात ती आईच्या बागेतला बुरशीचा बारीक गोळा घेते, विरजण न्यावं तसा. जमिनीवर उतरल्यावर ती पंख टाकते, बीळ खणते, गोळा बाहेर काढते आणि आपल्या विष्ठेच्या थेंबांवर त्याला वाढवते. अट्टाची राणी या काळात बाहेर पडत नाही, काही खातही नाही; अंगातली चरबी आणि उडण्याचे स्नायू जिरवून जगते. बऱ्याच राण्यांचा डाव इथेच संपतो. गोळा मेला की राणीचाही शेवट ठरलेला.

आता खत. पानात कर्बोदकं भरपूर, नत्र मात्र कमी. मुंगीचं शरीर प्रथिनांचं, त्यामुळे तिला नत्र बराच लागतो. निव्वळ पानांवर लाखो मुंग्यांची वसाहत कशी पोसली जाते, हे कोडं बरीच वर्षं होतं. २००९ मध्ये कोस्टारिकाचे एड्रियन पिंटो-तोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं उत्तर दिलं. बुरशीच्या बागेत क्लेब्सिएला आणि पँटोइया या गटांतले जिवाणू राहतात आणि ते हवेतला नत्र स्थिर करतात. तूर-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम हेच काम करतो. हा नत्र नुसता बागेत पडून राहत नाही, मुंग्यांच्या शरीरात पोचतो, हेही त्यांनी मोजून दाखवलं. क्लेब्सिएला हे नाव आपल्याकडे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू येतं ते न्यूमोनियाच्या किंवा मूत्रमार्गाच्या संसर्गाच्या संदर्भात. त्याच गटातले जिवाणू इथे वसाहतीला जगवतात. सूक्ष्मजीवांना चांगले-वाईट अशा दोन रकान्यांत टाकायची आपली सवय इथे अजिबात चालत नाही.

बागेतल्या जिवाणूंचं आणखी एक काम अलीकडे कळलं. अनेक झाडांच्या पानांत टर्पीनसारखी उडून जाणारी तीव्र रसायनं असतात. ती बुरशीला बाधतात. बागेतले काही जिवाणू ती रसायनं मोडून टाकतात. नाना तऱ्हेच्या झाडांची पानं चालवून घेता येतात त्यामागे या जिवाणूंचाही हात आहे.

शत्रूकडे वळू. एकाच वाणाचं पीक पिढ्यानपिढ्या, दाट, उबदार, दमट जागेत घेतलं की रोग येणारच. या बागेचा खास रोग म्हणजे एस्कोव्होप्सिस. तीही एक बुरशीच, पण ती पिकाच्या तंतूंवर चढून त्यांना फस्त करते. प्रयोगशाळेत बागेतून कामकरी मुंग्या काढून घेतल्या की काही दिवसांतच ही परजीवी बुरशी सगळी बाग व्यापू शकते.

एस्कोव्होप्सिसची ही ओळख पटवली कॅमरन करी यांनी. १९९० च्या दशकात ते टोरांटो विद्यापीठात पीएच.डी. करत होते आणि पनामात मुंग्यांची वारुळं खोदत होते. त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. अनेक मुंग्यांच्या छातीवर पांढरी, पिठासारखी पूड दिसायची. ती आधीच्या अभ्यासकांनाही दिसली होती, पण मुंगीच्या अंगातून पाझरणारं मेण असावं, असं समजून तिच्याकडे दुर्लक्ष झालं होतं. करींनी ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर त्यात जिवंत जिवाणू निघाले. ज्या कुळातून आपली बरीचशी प्रतिजैविकं आली, त्याच अ‍ॅक्टिनोमायसीट कुळातले. १९९९ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. सुरुवातीला हे जिवाणू स्ट्रेप्टोमायसिस वाटले होते. पुढे ते स्यूडोनोकार्डिया असल्याचं स्पष्ट झालं.

एस्कोव्होप्सिसला रोखणारं रसायन हे जिवाणू तयार करतात. मुंगीच्या अंगावर ते कसेही वाढलेले नसतात. तिच्या कवचात त्यांच्यासाठी सूक्ष्म खळगे असतात आणि खळग्यांच्या तळाशी असलेल्या ग्रंथींतून त्यांना पोषण मिळतं. अ‍ॅक्रोमिरमेक्सची मुंगी कोशातून बाहेर येते तेव्हा तिच्या अंगावर हे जिवाणू नसतात. पहिल्याच दिवसात थोरल्या मुंग्यांच्या अंगावरून ते तिला मिळावे लागतात. ती वेळ टळली तर पांढरा थर धरतच नाही. मिळाले, तर पुढच्या काही दिवसांत तिचं अंग पिठात लोळल्यासारखं दिसू लागतं. याच वयात ती बागेत काम करत असते. पुढे ती पानं आणायला बाहेर जाऊ लागते आणि थर विरळ होत जातो. उड्डाणाला निघणाऱ्या राणीच्या अंगावर जिवाणू असतात, नराच्या अंगावर नसतात. नर संभोगानंतर मरतो, नवी वसाहत उभी करण्यात त्याचा पुढे काहीच भाग नसतो.

ही रसायनं नेमकी कोणती, याचा शोध रसायनशास्त्रज्ञांनी घेतला. २००९ मध्ये, बुरशी पिकवणाऱ्याच पण पानं न कापणाऱ्या एका मुंगीवरच्या स्यूडोनोकार्डियातून डेंटिजेरुमायसिन हे नवं रसायन सापडलं. त्याच सुमारास अ‍ॅक्रोमिरमेक्सच्या अंगावर स्यूडोनोकार्डियाबरोबरच आढळणाऱ्या स्ट्रेप्टोमायसिस जिवाणूंत कँडिसिडिन सापडलं. हे मात्र माणसाला आधीपासून माहीत असलेलं बुरशीनाशक होतं. इथे पिंपरीचा संबंध येतो. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या आसपास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ते ज्या जिवाणूपासून मिळालं त्याला त्यांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना हे नाव दिलं. हॅमायसिन आणि कँडिसिडिन एकाच रासायनिक घराण्यातले आहेत. दोघांचे रेणू बुरशीच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतात आणि पटल गळू लागतं. पुण्याजवळच्या मातीत जे सापडलं, त्याचं सख्खं भावंड पानकाप्या मुंगीच्या अंगावर तयार होत होतं.

मुंग्यांनी माणसाच्या कोट्यवधी वर्षं आधी प्रतिजैविकं वापरली, असं वाक्य या विषयावर हमखास वाचायला मिळतं. ते खोटं नाही. बुरशीची शेती करणाऱ्या मुंग्यांचा इतिहास ५ कोटी वर्षांहून जुना आहे, पानं कापणाऱ्या त्यांच्यातल्या अगदी अलीकडच्या. पण यातून, औषध आहे म्हणून बाग टिकते, असा समज होतो. तो मला मान्य नाही, आणि त्याची कारणं वारुळातच आहेत.

पहिलं म्हणजे शत्रू गप्प बसलेला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की एस्कोव्होप्सिस स्वतःही विषं बनवते. त्यातलं एक स्यूडोनोकार्डियाची वाढ रोखतं, दुसरं थेट मुंग्यांना मारतं. शिवाय मुंगीच्या अंगावर एक काळी यीस्ट सापडते. ती स्यूडोनोकार्डियावरच चरते, त्यामुळे औषधाचं बळ कमी पडतं आणि बागेची हानी वाढते. काही स्यूडोनोकार्डियांचं औषध प्रयोगशाळेत पिकाच्या बुरशीलाही मारक ठरलं, आणि त्यावरून अभ्यासकांमध्ये बराच वाद झाला. हे जिवाणू खास बागेसाठी घडले आहेत की मुंगीच्या स्वतःच्या अंगाच्या रक्षणासाठी, हा त्या वादाचा गाभा.

दुसरं कारण मला जास्त वजनदार वाटतं. या सगळ्या मुंग्यांत सर्वांत मोठ्या वसाहती अट्टाच्या. त्यांच्या कामकऱ्यांच्या अंगावर ते खळगेही नाहीत आणि तो पांढरा थरही नाही. पूर्वजांकडे असलेला हा सांभाळ अट्टाने मधेच सोडून दिला आणि तरीही ती सर्वांत यशस्वी ठरली. हे कसं जमलं? पनामातले एर्मोहेनेस फर्नांदेस-मारिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर काम केलं आहे. मुंगीच्या छातीच्या मागच्या बाजूला दोन ग्रंथी असतात. त्यांतून आम्लयुक्त, जंतुनाशक स्राव येतो. अट्टाच्या मुंग्या पुन्हा पुन्हा पाय त्या ग्रंथींना पुसतात आणि तो स्राव बागेला लावतात. जिवाणूंचं औषध सोडून त्यांनी स्वतःच्या अंगातलं औषध हाताशी धरलं.

आणि या दोन्हींच्या आधी येते ती साफसफाई. बागेवर परक्या बुरशीचे बीजाणू फवारून मुंग्या काय करतात, हे करी आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००१ मध्ये तपासलं. बीजाणू पडताच मुंग्या बुरशीचे तंतू तोंडातून ओढून चाटू लागतात. चाटलेली घाण त्या तोंडाखालच्या त्याच पिशवीत जमवतात. तिथे बीजाणू मरतात आणि त्यांची गोळी करून दूर टाकली जाते. रोगाने मूळ धरलंच, तर मुंग्या तेवढा तुकडा जबड्यात धरून मागे-पुढे हलवत सैल करतात, तोडतात आणि कचऱ्यात नेऊन टाकतात. हे खरंखुरं निंदण आहे. त्यात बागेचा चांगला भागही जातो, पण तो तोटा त्या सोसतात.

कचऱ्याची व्यवस्था तर कडक आहे. अट्टा कोलंबिका ही जात कचरा वारुळाबाहेर ढिगाने टाकते, इतर बऱ्याच जाती तळाशी वेगळी दालनं ठेवतात. अट्टा सेफॅलोटिसच्या वारुळात बागेतल्या मुंग्या कचरा एका ठरावीक जागेपर्यंतच आणतात. पुढे नेणाऱ्या मुंग्या वेगळ्या, आणि त्या परत बागेकडे येऊ लागल्या तर त्यांच्यावर हल्ला होतो. मध्य अमेरिकेतले शेतकरी याचा उपयोग करून घेत आले आहेत. मुंग्यांचा कचरा त्यांच्याच वाटेवरच्या रोपाभोवती पसरला की मुंग्या त्या रोपाकडे फिरकत नाहीत. आपल्या कचऱ्यात कोणते रोग आहेत, याची त्यांना धास्ती असते.

साधारण ८० वर्षांत माणसाच्या प्रतिजैविकांना सरावलेले जंतू जागोजाग निर्माण झाले. मुंग्यांच्या शत्रूलाही काही ठिकाणी औषधाची सवय झाली आहे. स्यूडोनोकार्डियाला दाद न देणारे एस्कोव्होप्सिसचे प्रकार सापडले आहेत. पण वसाहती त्यामुळे कोसळत नाहीत, कारण औषधापर्यंत पोचण्याआधीच बहुतेक बीजाणू चाटून, उपटून, बाहेर फेकून संपलेले असतात. उरतं तेवढ्यावरच औषध चालवायचं. शिवाय ते औषध जिवंत जिवाणू बनवतो. शत्रू बदलला तर जिवाणूही बदलू शकतो. बाटलीतल्या औषधाला ते जमत नाही.

आपल्याकडे पानकाप्या मुंग्या नाहीत, पण बुरशीची शेती आहे. ती वाळवी करते. पावसाळ्यात कोकण-गोव्यात वारुळांवर उगवणारी आणि हौसेने विकत घेतली जाणारी अळंबी म्हणजे वाळवीने पिकवलेल्या टर्मिटोमायसिस या बुरशीचं फळ. वाळवीच्या बागेतलं तण आहे स्यूडोझायलेरिया. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रिनी बोर्जेस यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की आपल्याकडची ओडोंटोटर्मिस वाळवी या तणाला वासावरून ओळखते आणि त्यावर माती टाकून ते गाडून टाकते. मुंग्या आणि वाळवी यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. शेती त्यांनी वेगवेगळ्या खंडांवर, वेगवेगळ्या काळात सुरू केली. रोग आल्यावर हात आधी गेला तो स्वच्छतेकडेच.

हे सगळं समजून घेण्याची गरज दक्षिण अमेरिकेतल्या शेतकऱ्यांना रोज भासते. ब्राझीलमधल्या निलगिरीच्या लागवडींना या मुंग्यांचा मोठा उपद्रव आहे. तिथे सल्फ्ल्युरामिड हे कीटकनाशक घातलेल्या गोळ्यांचं आमिष टाकतात. मुंग्या त्या गोळ्या पानांसारख्याच आत नेतात. हे रसायन विघटित होऊन जे प्रदूषक तयार होतं, ते निसर्गात वर्षानुवर्षं टिकतं. २००९ मध्ये स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराने त्या प्रदूषकावर निर्बंध घातले, पण पानकाप्या मुंग्यांसाठीच्या आमिषाला सूट ठेवावी लागली, कारण दुसरा चांगला पर्याय नव्हता. मग पिकाची बुरशीच मारली तर? १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या अभ्यासकांनी आमिषात बुरशीनाशक घालून पाहिलं. सुरुवातीला मुंग्यांनी ते खुशाल आत नेलं. पण बाग आजारी पडू लागताच त्यांनी ते आमिष नाकारलं, आणि बुरशीनाशक काढून टाकल्यावरही कित्येक आठवडे त्याला तोंड लावलं नाही. मुंग्यांना त्या बुरशीनाशकाने काही होत नव्हतं. त्रास फक्त बुरशीला होत होता. ती आपली तब्येत मुंग्यांना कोणत्या रसायनाने कळवते, ते सापडलं तर सल्फ्ल्युरामिडला पर्याय शोधणं सोपं होईल.